कुजक्या जाळीवर नवा दोरा

भोकरचे दोघं शिक्षक नवरा-बायको मागं एकदा दुकानात आले. मुलाचा पाचवा वाढदिवस जवळ आला होता. नवऱ्यानं मोबाइलवर तीन चित्रं काढून माझ्यापुढं धरली आणि विचारलं, "काका, यातलं कोणतं जंपिंग घ्यावं? पोरगं पडायला नको, एवढंच बघा."

ट्रॅम्पोलिन हा शब्द आमच्याकडं कुणाच्या तोंडात बसत नाही. गोल लोखंडी कडं, त्याला चहूबाजूंनी स्प्रिंगा, मधोमध ताणून बसवलेलं काळं कापड आणि भोवती उभी जाळी, या सगळ्याला मिळून आम्ही जंपिंग म्हणतो. मी ते विकत नाही, कधी विकलंही नाही. माझं दुकान ताडपत्रीचं. तरी लोक विचारायला येतात, आणि मीही हातातलं काम ठेवून सांगत बसतो.

त्या दोघांना म्हटलं, चित्रावर जाऊ नका, चित्रात सगळ्याच जाळ्या नव्या असतात. जिथं वस्तू हातात घेऊन बघता येईल तिथं जा. पाइपाच्या तोंडात बोट घालून बघा. आतूनही जस्ताचा मुलामा असेल तर ठीक. नुसता बाहेरून रंग फासलेला असेल तर दोन पावसाळ्यांत पाइप आतून गंजतो आणि वरून कळतही नाही. स्प्रिंगांवर जी गोल गादी येते, ती जाड हवी आणि एकही स्प्रिंग उघडी राहायला नको. पोराचा पाय त्या फटीत गेला की मोडलाच समजा. उभी जाळी स्प्रिंगांच्या आतल्या बाजूनं लागणारी बघा, म्हणजे पोरगं तोल जाऊन स्प्रिंगांवर पडतच नाही. गच्चीवर मांडू नका, भिंतीला चिकटून मांडू नका, मातीवर मांडा. आणि एका वेळी एकच लेकरू. दोन चढली की जड असतं ते खाली येतं आणि हलकं असतं ते उडतं. ते स्वतःच्या जोरानं उडालेलं नसतं, म्हणून त्याला सावरता येत नाही.

शेवटी शिवणीवर आलो. सगळं जंपिंग दोऱ्यावर उभं आहे हे कुणी ध्यानात घेत नाही. लोखंड दहा वर्षं टिकेल, कापड पाच वर्षं टिकेल, पण आमच्याकडचं ऊन सगळ्यात आधी दोरा खातं. शिवणीवरून नख ओढून बघायचं. दोरा नखाला पिठासारखा लागला की ती जाळी संपली. वरून कितीही धड दिसो, काढून टाकायची. तिला शिवायचं नाही.

बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही विकत न्हाई, तरी इतकं बारीक कसं माहीत तुम्हाला?"

"शिवून शिवून," मी म्हणालो. ते खरं होतं, पण अर्धं.

आमच्या धंद्याचं आधी थोडं सांगतो. वडील ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचे. जाड कॅनव्हास, मेण लावलेला दोरा आणि दाभण. तळहाताला चामड्याचा पट्टा बांधून दाभण दाबायचं. मी त्यांच्या हाताखाली शिकलो. पुढं प्लॅस्टिकच्या ताडपत्र्या आल्या, जड मशीन आली, नायलॉनचा दोरा आला. खळ्यावरच्या सोयाबीनला झाकण, दुकानापुढची कनात, मांडवाचे पडदे, टेम्पोचं छत, असं सगळं शिवलं. या कामात एक गंमत आहे. चांगली शिवण कुणाच्या नजरेत येत नाही. पाऊस पडून गेल्यावर माल कोरडा निघतो, तेव्हा लोक पावसाबद्दल बोलतात, ताडपत्रीबद्दल बोलत नाहीत. मला त्यात बरं वाटायचं. आपलं काम दिसलं नाही म्हणजे ते बरोबर झालं, असं मी समजत आलो.

जंपिंग पहिल्यांदा आलं ते यात्रेवाल्यांकडून. त्यांचं कापड फाटलं की ते माझ्याकडं टाकायचे. पुढं कोरोनात शाळा बंद पडल्या, पोरं घरात कोंडली गेली, तेव्हा चार पैसे असलेल्या लोकांनी मोबाइलवरून ही जंपिंगं मागवली. खोकी आली, घरच्या घरी जोडली गेली, अंगणात उभी राहिली. दोन उन्हाळे गेले आणि जाळ्या उसवायला लागल्या. मागवली तिथं कुणी दुरुस्त करून देईना. मग सगळे माझ्याकडं.

नाना प्रकारची माणसं यायची. हदगावचे एक शेतकरी फाटलेली गादी घेऊन आले. मी विचारलं, "पोरं किती वर्षांची आहेत?" तर म्हणाले, "पोरं मोठाली झाली की वो. आता आम्ही त्याच्यावर मिरच्या वाळवून राहिलो. खालून हवा लागते, लई झकास वाळतात." त्यांचं काम मी हसत हसत करून दिलं. मिरच्या पडल्या तरी कुणाचं काही मोडत नाही.

अहमदपूरचे शिवकुमार माझे जुने गिऱ्हाईक. बी-बियाणं आणि खताचं त्यांचं दुकान. दर वर्षी पोत्यांवर टाकायच्या ताडपत्र्या माझ्याकडूनच जायच्या. अशाच एका वर्षी एप्रिलमध्ये दुकानापुढं नवी कनात लावायची म्हणून मी अहमदपूरला गेलो. काम दुपारपर्यंत उरकलं. शिवकुमार म्हणाले, "काका, घरी जेवायलाच चला. आन तेवढं पोरीचं जंपिंग बघा. जाळी जरा उसवलीय."

घर नवं, स्लॅबचं. मागं मोकळी जागा, तिथं एका बाजूला फरशी घातलेली. फरशी संपते तिथं जंपिंग उभं होतं. घरात शिवकुमार, त्यांची बायको, आठ वर्षं पूर्ण होत आलेली मुलगी गौरी आणि शिवकुमारांची मोठी बहीण. बहिणीला सगळे आक्का म्हणत. आक्कांचे यजमान लग्नानंतर तीन-चार वर्षांतच वारले. मूलबाळ नव्हतं. त्या भावाकडं आल्या आणि तिथंच राहिल्या. वहिनी दुसऱ्या गावच्या शाळेत शिक्षिका, सकाळी एसटीनं जाणार, संध्याकाळी येणार. त्यामुळं गौरी जन्मल्यापासून आक्कांच्याच अंगाखांद्यावर वाढलेली.

मी जाळी बघितली. आत जायच्या दाराला बॅगेला असते तशी चेन होती, आणि त्या चेनीला लागून दोनेक हात शिवण उसवली होती. मी नख ओढलं. दोरा पिठासारखा नखाला लागला. जाळीचं कापड दोन बोटांत धरून जरा ताणलं, तर ते करकरलं. तीन उन्हाळे ती जाळी तिथंच उभी होती, कुणी एकदाही काढून ठेवली नव्हती.

इथं मी काय करायला पाहिजे होतं ते मला माहीत होतं. जाळी काढायची, घडी घालायची आणि म्हणायचं, ही गेली, आठ दिवसांत नवी शिवून आणतो, तोवर कुणी चढायचं नाही. एवढंच. पण दुसऱ्या दिवशी गौरीचा आठवा वाढदिवस होता. पाहुण्यांची पोरं येणार होती. गौरी चप्पल काढून, हातात फ्रॉकची टोकं धरून माझ्याकडं बघत उभी होती. शिवकुमार म्हणाले, "काका, आजच्या आज काहीतरी करा. तुमच्या हाताला काय अवघड आहे?"

त्या वाक्यानं मी फुगलो, हे कबूल करतो. पिशवीत दाभण होतं, नायलॉनचा जाड दोरा होता. मी मांडी घालून बसलो आणि तासाभरात ती दोन हात शिवण दुहेरी टाक्यानं घालून दिली. टाके असे एकसारखे पडले की मशीननं मारल्यासारखे दिसत होते. पण नवा दोरा जुन्या कापडात घातला की तो कापडाला करवतीसारखा कापत जातो. दोरा तुटत नाही, कापड तुटतं. हे माझ्या वडिलांनी मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

आक्का स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "टिकंल ना वो हे? ही पोरगी लई आदळती जाळीवर."

मी म्हणालो, "आक्का, हत्ती बसवा."

सगळे हसले. गौरी वर चढली. नंतर बाहेर पडताना, चपला घालता घालता मी शिवकुमारांना म्हणालो, "महिन्याभरात नवी घ्या मात्र." ते फोनवर बोलत होते. त्यांनी हात हलवला. मी एसटी गाठली.

नऊ दिवसांनी शिवकुमारांचा फोन आला. कनातीची एक दोरी सैल झाली होती, त्याबद्दल. बोलता बोलता म्हणाले, "काका, घरी गडबड झाली. गौरी पडली. फरशीवर. कोपर मोडलं. लातूरला ऑपरेशन केलं, तारा टाकल्यात."

मी विचारलं, "कशी काय पडली?"

"चेन उघडी राह्यली. आक्का होती तिथं. आत भाजी उतरवायला गेली, आन जाताना चेन लावली न्हाई. आठ वर्सं पोरगी तिच्या जीवावर सोडली आम्ही. काय बोलायचं आता?"

मी "अरेरे" म्हणालो. कनातीची दोरी कशी ओढून घ्यायची ते सांगितलं. फोन ठेवला.

मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी मनाला समजावत राहिलो की चेन उघडी राहिली असेल, राहूही शकते. आठवड्यानं दोरीच्या निमित्तानं अहमदपूरला गेलो. दोरीचं काम पाच मिनिटांचं होतं. मी जाळी बघायला गेलो होतो.

पडल्या दिवशीच शिवकुमारांनी रागानं जाळी ओढून काढली होती आणि मागच्या भिंतीशी ढीग करून टाकली होती. मी ती उचलली. चेन वरपासून खालपर्यंत लावलेली होती. वरचा हूकही अडकवलेला होता. माझा दोरा पहिल्या टाक्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत जसाच्या तसा चेनीच्या पट्टीला धरून होता. त्याच्या लगत कापड सरळ रेषेत फाटलं होतं. लांबून बघणाऱ्याला ते उघड्या दारासारखंच दिसणार.

मागून गौरी आली. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात पट्टी. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "काका, आत्यानं चेन लावली होती. मी सांगून राहिले तर कुणी ऐकतच न्हाई. पप्पा मनतात, तू आत्याला वाचवायली."

मी तिच्याकडं बघितलं. आठ वर्षांचं लेकरू खरं बोलत होतं, आणि ते खरं असल्याचा पुरावा माझ्या हातात होता. मी तिला म्हणालो, "हात दुखतो का?"

तेवढ्यात शिवकुमार आले. म्हणाले, "भंगारात देणार आहे हे सगळं. डोळ्यांपुढं नको."

मी म्हणालो, "जाळी मला द्या. बांधायच्या कामाला येईल."

ते म्हणाले, "न्या." मी ती पिशवीत कोंबली आणि नांदेडला आणून दुकानामागं जाळून टाकली. ज्या दिवशी टाका घातला त्या दिवसाची चूक मी कदाचित भिडेत झालेली म्हणून सांगू शकेन. जाळी जाळली ती भिडेपोटी नव्हती. ती मी विचार करून जाळली.

त्या दिवशी अहमदपूरहून निघताना आक्का दिसल्या. ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. एरवी "काका, च्या घेऊन जावा" म्हणणाऱ्या आक्कांनी मागं वळून बघितलं नाही.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं, शिवकुमारांच्या फोनमधून. वहिनींनी सहा आठवडे रजा घेतली. मग गौरीला आजोळी पाठवलं. आक्कांना कुणी घराबाहेर काढलं नाही. ताट वाढलं जात होतं. पण पोरगी घरात नव्हती आणि घरात त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं. दोनेक महिन्यांनी एका ओळखीच्या बाईबरोबर त्या लातूरला गेल्या. तिथं शिकवण्यांसाठी आलेल्या मुलींची हॉस्टेलं गल्लोगल्ली आहेत. त्यातल्या एका हॉस्टेलवर त्या स्वयंपाकाला लागल्या. मग गौरीला घरी आणलं. शिवकुमार मला म्हणाले, "तिचं तीच मनली, जाते मनून." मी म्हणालो, "बरं."

तीन वर्षं गेली. या तीन वर्षांत शिवकुमारांच्या दुकानाच्या ताडपत्र्या मीच शिवल्या. फोन व्हायचे. माप, रंग, कधी देता, एवढंच बोलणं. मी स्वतःपुरता एक नियम केला. जंपिंगची जुनी जाळी दुरुस्तीला आली की शिवायची नाही. गिऱ्हाइकासमोर नख ओढून दाखवायचं आणि दोरा पीठ झाला असेल तर कात्रीनं जाळी मधोमध कापून टाकायची, म्हणजे दुसरीकडं नेऊन शिवायलाही नको. काही जण भांडले. एकानं मला वेडा म्हटलं. मला वाटायचं, हे करतोय म्हणजे फेडतोय. पण ज्यांचं फेडायचं होतं त्या लातूरला भाकरी थापत होत्या, आणि मी नांदेडमध्ये परक्यांच्या जाळ्या कापत होतो.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात लातूरच्या एका हॉस्टेलचं काम आलं. मुली गच्चीवर अभ्यासाला बसतात, तिथं सावलीची हिरवी जाळी बांधायची होती. काम दुपारी संपलं. हॉस्टेलच्या मालकीणबाई म्हणाल्या, खाली मेसमध्ये जेवून जा. मी खाली गेलो. ओळीनं दोन चुली, गॅसच्या, आणि पुढं बसून एक बाई भाकरी थापत होत्या. आक्का. केस पार पांढरे झालेले.

त्यांनीच मला ओळखलं. "नांदेडचे ताडपत्रीवाले काका ना वो तुम्ही? बसा, बसा." ताट वाढलं. पिठलं, भाकरी, ठेचा. मग समोर बसल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही जाता ना आमच्याकडं? गौरीचा हात सरळ होतो का? शिवा फोनवर नीट सांगत न्हाई."

मी म्हणालो, "थोडा वाकडा राहतो. पूर्ण सरळ होत नाही."

त्यांनी माझ्या ताटात आणखी ठेचा वाढला. मग म्हणाल्या, "भाजी करपली असती तर काय झालं असतं? काय झालं असतं सांगा. पण मी गेले उतरवायला."

मी म्हणालो, "आक्का, तुम्ही चेन लावली होती."

"कोण मनतं?"

"मी जाळी बघितली होती. चेन लावलेली होती. हूकही लावलेला होता. जाळी फाटली ती मी शिवली होती तिथं. कापड कुजलं होतं. मला शिवताना माहीत होतं."

आक्का म्हणाल्या, "मला आधी पक्कं आठवत होतं, लावली मनून. हातानं ओढलेली आठवत होती. मग शिवा मनला उघडी होती, वहिनी मनली उघडी होती. सगळेच मनू लागले. मग मलाबी तसंच दिसू लागलं. आता डोळे मिटले की उघडी चेनच दिसती मला. लेकरू बाहेर येताना दिसतं. आन तुम्ही मनता, लावली होती."

"हाव."

"कधी कळलं तुम्हाला?"

"पडल्यावर आठ-पंधरा दिवसांनी."

"शिवाचा नंबर होता तुमच्यापाशी?"

"होता."

"या तीन वर्सांत बोललात त्याच्याशी?"

"बोललो. ताडपत्रीबद्दल."

"मग कामून सांगितलं न्हाई?"

गिऱ्हाईक जाईल ही भीती होती, की नाव जाईल ही, की नुसतं तोंड उघडवत नव्हतं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर एक वाक्य होतं. रोज एक दिवस गेला आणि ते वाक्य जड होत गेलं.

आक्का उठल्या. पिठाचे हात धुतले, पदराला पुसले. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "मी तुम्हाला विचारलं होतं, टिकंल का मनून. त्या घरात तेवढं मी एकटीनंच विचारलं होतं." मग तव्याखालचा गॅस पेटवून म्हणाल्या, "जेवा आन जावा. मला सांगून काय उपेग? शिवाला सांगा."

मला जेवण गेलं नाही. ताट तसंच सोडून उठलो, आणि अन्न टाकल्याची लाज वाटून परत बसलो, अर्धी भाकरी पाण्याबरोबर गिळली. आक्का तोवर दुसऱ्या बाजूला तोंड करून पुढच्या भाकऱ्या थापत होत्या. साठ मुली जेवायला येणार होत्या.

मी नांदेडला गेलो नाही. तिथून थेट अहमदपूरची एसटी धरली. शिवकुमार दुकानात होते. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबलो आणि मग उभ्यानंच सगळं सांगितलं. कापड कुजलं होतं, मला माहीत होतं, चेन लावलेली होती, जाळी मी मागून नेली ती जाळायलाच.

शिवकुमारांनी शटर अर्धं ओढलं आणि खुर्चीत बसले. म्हणाले, "गौरी सांगत होती."

"हाव. मलाही सांगितलं होतं तिनं."

"मी तिला गप्प केलं. मनलं, आत्याची बाजू घेऊ नको." ते हाताच्या तळव्याकडं बघत होते. "काका, दोन महिने मी माझ्या बहिणीशी एक शब्द बोललो न्हाई. एका घरात. ती जाते मनली, तर मी बस स्टँडवर सोडायलाबी गेलो न्हाई. तुमच्यावर चिडू का माझ्यावर, तेच समजंना."

"माझ्यावर चिडा."

"त्यानं काय होणार?" ते म्हणाले. मग शटर वर केलं. मला जायची ती खूण होती. त्यानंतर त्यांनी माझ्याकडून एकही ताडपत्री घेतली नाही. मीही फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी ते, वहिनी आणि गौरी लातूरला गेले. हे मला पुढं हॉस्टेलच्या कामाला गेलो तेव्हा आक्कांनी सांगितलं. वहिनींनी पाय धरले. शिवकुमारांना रडू आवरेना. गौरी, आता अकरा वर्षांची, आधी लांबच उभी राहिली. तीन वर्षांत तिची उंची वाढली होती, बोलणं कमी झालं होतं. आक्कांनी हात पुढं केला तर तिनं तो धरला, पण पूर्वीसारखी अंगाला बिलगली नाही. आक्का मला म्हणाल्या, "आठ वर्सांची पोरगी मी सोडून आले. ती काय तिथंच थांबंल का? आता तिचं तिचं सगळं वेगळं झालंय. मला इचारून तिला काही करायचं राह्यलं न्हाई."

भावानं घरी चला म्हणून फार आग्रह केला. नागपंचमीला आक्का गेल्या, चार दिवस राहिल्या. पाचव्या दिवशी हॉस्टेलवर परत आल्या. मी कारण विचारलं नाही, पण त्यांनीच सांगितलं. म्हणाल्या, "सगळे लई चांगलं वागले. मी पाणी मागितलं तरी तिघं उठायचे. त्या घरात मी कधी पाहुणी नव्हते वो. आता झाले."

हे मी केलं. कोपर मोडलं ते डॉक्टरांनी जमेल तेवढं जोडलं. हे जोडायला कुणाकडं न्यावं, मला माहीत नाही. लोक म्हणतील, शेवटी सांगितलं तरी. पण तीन वर्षं उशिरा सांगितलेल्या खऱ्यानं आक्कांच्या माथ्यावरचा दोष उतरला, एवढंच झालं. त्यांचं घर काही परत आलं नाही.

या अंकाच्या संपादकांनी मला ताडपत्रीच्या धंद्यावर लिहायला सांगितलं, तेव्हा मी म्हणालो, मला एकच गोष्ट लिहायची आहे आणि ती लिहायची की नाही हे मी ठरवू शकत नाही. यंदा पाऊस सुरू व्हायच्या आधी लातूरच्या गच्चीवरची जाळी उतरवायला गेलो, तेव्हा आक्कांना विचारलं. त्या मेथी निवडत होत्या. निवडतच राहिल्या. मला वाटलं, नाहीच म्हणणार.

मग म्हणाल्या, "लिहा. लोकांना जाळी कशी बघायची ते तरी कळंल. पण माझं नाव बदला. शिवाचं बदला, पोरीचं बदला. लगीन व्हायचंय तिचं."

मी म्हणालो, "बदलतो."

त्यांनी काड्या एका बाजूला सारल्या आणि माझ्याकडं बघितलं. "तुमचं मात्र बदलू नका."

तिघांची नावं मी बदलली आहेत. मी मारोती. नांदेडला ताडपत्री शिवतो.